आयोनाची खिडकी

स्कॉटलंडच्या पश्चिमेचे आयोना बेट जेमतेम ५ किलोमीटर लांब. इ. स. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून येथे उतरले. ओबनहून आगबोटीने मल्ल बेट, पुढे अरुंद एकेरी रस्त्याने फिनाफोर्ट, मग पुन्हा नाव. पाहुण्यांच्या मोटारी पलीकडे नेता येत नाहीत. म्हणून धक्क्याजवळचेच लहानसे हॉटेल आम्ही पसंत केले. मातोश्रींच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावरची मागली खोली घेणार, तोच त्या म्हणाल्या, "गुडघे काय, इंदुरातही दुखतात. समुद्र तेथे कोठून आणू?"

समुद्राकडची माडीवरची खोली घेतली. जूनमधले रात्री नऊचे ऊन पलीकडच्या गुलाबी खडकांवर पडले होते. मातोश्री खिडकीतून हलेनात. जिन्याच्या पायऱ्या आम्हीच मोजल्या, एकोणीस.