भाराखालचा विसावा

मोटारीचे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या भोकात रबराचा जाड तुकडा दाबून बसवलेला असतो; त्याच्या मधोमध लोखंडी नळी घट्ट चिकटलेली असते. हाच बुश. चाक वरखाली झाले की हे रबर घसरत नाही, स्वतःतच पिळते आणि पुन्हा मूळ स्थितीत येते. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक व उष्णता यांनी रबर पक्के करण्याची रीत सापडली. त्या चिवटपणाचेच हे रूप.

आमच्या जुन्या गाडीचे बुश चिरले होते. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. प्रत्येक खड्ड्याचा हादरा तिच्या कण्यापर्यंत पोचे आणि ती "काही नाही रे" म्हणे. अखेर एका रविवारी गाडी भक्कम स्टँडवर टेकवून आर्म सोडवला, व्हाइसमध्ये दाबून जुने बुश काढले आणि साबणाचे पाणी लावून नवे बसवले. ग्रीस कटाक्षाने टाळले. त्याने रबर फुगते.

खरी मेख बोल्ट आवळण्यात आहे. चाक अधांतरी असताना तो पुरता आवळला, तर बुशची नळी त्याच स्थितीत जखडते. मग गाडी जमिनीवर उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवावा, सारे वजन चाकांवर येऊ द्यावे आणि मगच आवळावा.

समीक्षेत आपण ताण आणि विसावा हे शब्द परस्परविरोधी म्हणून वापरतो. या रबराचा विसावा मात्र भाराखालचा आहे. आजारपण मुक्कामाला आलेल्या आमच्या घरानेही आपले दिवस आता तसेच बसवून घेतले आहेत.