हात ऊन करून ये

1996 च्या जानेवारीत, नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला महिना उरला होता आणि मला पोटातल्या बाळाची पाठ सापडत नव्हती.

पुस्तकात सगळं सरळ होतं. लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरांच्या चार पकडी. पहिलीत गर्भपिशवीच्या वरच्या टोकाला डोकं आहे की ढुंगण, ते कळतं. दुसरीत पाठ कुठल्या अंगाला आणि हातपाय कुठल्या. तिसरी-चौथीत खाली काय आलंय आणि ते किती उतरलंय. पाठ सापडली की फिटोस्कोप कुठं टेकवायचा ते ठरतं, कारण बाळाचे ठोके पाठीवरून स्वच्छ ऐकू येतात. झोपेतून उठवलं असतं तरी मी हे घडाघडा म्हटलं असतं. पण खऱ्या पोटावर हात ठेवला की सगळीकडे सारखंच लागायचं.

ती बीडकडची. ऊसतोडीला नवऱ्याबरोबर आलेली, दोघं मिळून एक कोयता. तिसरं बाळंतपण, आठवा महिना संपत आलेला, हिमोग्लोबिन 6.5. फडातच चक्कर येऊन पडली म्हणून आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलेली. थोरली मुलगी गावी आजीजवळ होती आणि दोन वर्षांचा मुलगा हिच्या खाटेखाली गोधडीवर. रक्त चढवायचं होतं, त्यामुळे ती बरेच दिवस वॉर्डात राहणार होती. आम्हा विद्यार्थिनींना असा पेशंट म्हणजे पर्वणीच. रोज सकाळी आम्ही सहाजणी तिच्या खाटेभोवती उभ्या राहायचो आणि एकेकजण पोट चाचपायची. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ‘पोट दाखवा’ एवढंच म्हणायचं. ती छताकडे बघत पडून राहायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, ‘‘ताई, हात लई गार हाय तुमचा. पोट आखडून घेतंय. हात ऊन करून या.’’

हात कोमट असावेत, पोट सैल पडावं म्हणून गुडघे दुमडून घ्यावेत, आधी लघवीला पाठवावं, ही वाक्यं माझ्या वहीत लाल शाईनं अधोरेखित होती. त्यांचा अर्थ त्या दिवशी कळला. मी हात चोळून परत आले. तिनं माझा तळवा उचलून आपल्या पोटाच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला ठेवला. ‘‘हितं लाथा मारतंय रातभर. मंग पाठ कुठं असंल?’’ मी उजवीकडे हात नेला. बरगड्यांपासून खाली ओटीपर्यंत एकसलग, गुळगुळीत, धनुष्यासारखी कड हाताला लागली. बेंबीच्या खाली उजवीकडे फिटोस्कोप टेकवला आणि ठोके कानात आले, मिनिटाला 140. मी रडायच्या बेतात होते. ती म्हणाली, ‘‘सापडलं न्हवं?’’

त्यानंतर मी दुपारी एकटी जाऊ लागले. आधी विचारून. ती कधी नाही म्हणाली नाही. एकदा मात्र म्हणाली, ‘‘आज ऱ्हाऊ द्या, दमलेय’’, आणि ते तिला म्हणता आलं याचं मला बरं वाटलं.

बालरोगाचा अभ्यासही त्याच खाटेशी झाला. पोरगा खोकत होता. मला तेव्हा न्यूमोनियाचे आकडे पाठ होत होते: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40, आणि श्वास तेवढे किंवा त्याहून जास्त झाले की धोका. सदरा वर करून घड्याळ लावून मोजले तर 52. त्याला लगेच मुलांच्या वॉर्डात नेलं, औषध सुरू झालं, चार दिवसांत तो पुन्हा खाटेखाली खेळायला लागला. ती मला म्हणाली, ‘‘मला पण शिकवा. फडात दवाखाना कुठला!’’

तिला विसापर्यंतच मोजता येत होतं. मग आम्ही विसावर हिशेब बसवला. मी घड्याळ बघायचं, तिनं पोराच्या छातीकडे बघत एका श्वासाला एक चिंचोका बाजूला सारायचा. मिनिट संपायच्या आत दोन विसा चिंचोके सरले की पोराला उचलायचं आणि गाडी गाठायची. घड्याळ तिच्या नवऱ्याकडे होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी याच कामासाठी मण्यांचं साधन बनवलं होतं, हे मी फार पुढे वाचलं. वाचताना मला तिची बोटं दिसत होती.

तिच्या कळा माझ्या पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री सुरू झाल्या. केसबुकासाठी तेव्हा स्वतःच्या हातानं वीस बाळंतपणं करावी लागायची. माझी वीस झाली होती, एका मैत्रिणीची दोन कमी होती. म्हणून हे बाळंतपण तिला मिळालं आणि मी उशाशी उभी राहिले. पाणमोट फुटली तेव्हा तिनं माझा हात असा पिळला, की दुसऱ्या दिवशी पेपर लिहिताना अंगठा ठणकत होता. पहाटे मुलगी झाली, 2.1 किलो. लगेच रडली. हातपाय निळसर होते, म्हणून अपगारच्या हिशेबात रंगाचा एक गुण कमी धरला. वार पूर्ण पडली. रक्त फार गेलं नाही, आणि इतक्या अशक्त बाईचं रक्त गेलं नाही हे त्या रात्रीचं खरं सुख होतं. तासाच्या आत बाळानं चीक ओढला.

नंतर पेपरांच्या गडबडीत ती कधी घरी गेली ते मला कळलं नाही. घरी म्हणजे उसाच्या फडाजवळच्या पालात.

प्रात्यक्षिकाला मला वेगळीच बाई मिळाली, पहिलटकरीण, घाबरलेली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शेजारी उभ्या होत्या. मी आधी हात चोळले, मग त्या मुलीला विचारलं, ‘‘लाथा कुठं मारतंय?’’ तिनं बोट दाखवलं. पाठ पहिल्याच वेळी सापडली.

आज मी शिकवते. माझ्या विद्यार्थिनी खाटेजवळ स्टूल ओढून बसतात, नाव विचारतात, हात लावू का म्हणून विचारतात, आणि एका वेळी दोघींपेक्षा जास्त जात नाहीत. कपाटात माझं जुनं केसबुक आहे. वीस नोंदी, प्रत्येकीचा रजिस्टर नंबर, वय, कितवी खेप, बाळाचं वजन, आणि शेजारी इन्चार्ज सिस्टरांची सही. विसाव्या नोंदीखाली मी निकालाच्या दिवशी पेन्सिलीनं आणखी एक ओळ ओढली. तीत नंबर नाही. तिचं नाव आहे, गावाचं नाव आहे, पाठ उजवीकडे असं लिहिलंय. सहीची जागा कोरी आहे.