तिसऱ्या नंबरची खेळाडू

टेबल टेनिस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक टेबल, मध्ये जाळी, समोरासमोर दोघं जण आणि टकटक आवाज. फार तर दुहेरी, म्हणजे चौघं. कबड्डी किंवा खो-खोसारखा हा काही संघाचा खेळ नाही, असंच आपल्याला वाटतं ना?

पण गंमत ऐका. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा 1926 साली लंडनमध्ये झाली, आणि तेव्हापासून तिथे देशांच्या संघांची लढत आहे. पुरुषांच्या विजेत्या संघाला मिळतो स्वेथलिंग कप. लेडी स्वेथलिंग यांनी तो दिला म्हणून हे नाव. पहिल्या वर्षी तो हंगेरीने जिंकला. त्या स्पर्धेत भारताचाही संघ होता, हे मला अगदी अलीकडे कळलं. स्त्रियांसाठीचा कॉर्बिलॉन कप काही वर्षांनी आला. तो फ्रान्सच्या टेबल टेनिस संघटनेचे अध्यक्ष मार्सेल कॉर्बिलॉन यांनी दिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मूळ कप बर्लिनमध्ये हरवला. आज दिला जातो तो 1949 साली केलेला तसाच दुसरा कप.

आणि आपली मुंबई? 1952 साली ही जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात आली, ती मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. तिथे जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. त्या बॅटवरून चेंडू जवळजवळ आवाज न करता यायचा. समोरचे भलेभले गोंधळले आणि सातो एकेरीचा विजेता झाला. त्याच स्पर्धेत पुरुषांचा सांघिक कप हंगेरीने नेला, तर स्त्रियांचा जपानने.

आता नियम थोडक्यात सांगते, कारण मला जे सांगायचंय ते त्यातच आहे. संघात तीन जण खेळतात. एका लढतीत जास्तीत जास्त पाच सामने, सगळे एकेरी. जो संघ आधी तीन सामने जिंकेल त्याची लढत. पहिल्या दोघांना दोन-दोन सामने मिळू शकतात. तिसऱ्याला मात्र एकच, तोही मधला. म्हणजे तो दोन सामने बाकावर बसून बघतो, आपला एक खेळतो आणि पुन्हा बाकावर येऊन बसतो. पुढचं त्याच्या हातात काही नाही.

शाळेत असताना मी ही तिसऱ्या नंबरची खेळाडू होते. सांगलीत आमच्या शाळेच्या मुलींच्या संघात दोघी माझ्यापेक्षा सरस होत्या, त्यामुळे माझं काम ठरलेलं. टॉवेल देणं, पाण्याची बाटली भरणं, दोन गेमच्या मधल्या एका मिनिटात "तिला बॅकहँडला दे" असं सांगणं. आणि मग आपला एक सामना. पुढे बीए इंग्लिश केलं, नोकरीसाठी बेंगळुरूला आले, कंटेंट रायटर झाले. बॅट सांगलीतच राहिली.

तो तिसरा नंबर मला परत आठवला तो गेल्या वर्षी, बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा.

उजवा हात लुळा पडला आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. दादा-वहिनी सांगलीतच असतात. रात्री हॉस्पिटलमध्ये दादा झोपायचा. दिवसा आई असायची. वहिनी घर, डबे आणि तिच्या लहान मुलाचं सगळं बघायची. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून गेले, दहा दिवस राहिले आणि रजा संपली तशी परत आले. परत आल्यावर फोनवर एका नातेवाईक बाईंनी सहज विचारलं, "मग, तू काय करतेस बाबांसाठी?" त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण तो प्रश्न माझ्या घशात अडकून बसला. तुमच्यापैकी जे घरापासून लांब नोकरी करतात त्यांना हे सांगायला नको. घरचे सगळे राबताहेत आणि आपण इथे पीजीच्या खोलीत पंख्याखाली बसून फोनची वाट बघतोय, हे किती बोचतं!

त्या दिवसांत रात्री झोप येत नसे. अशाच एका रात्री मी 2024 च्या जागतिक सांघिक स्पर्धेतली भारत-चीन लढत पाहिली. ही स्पर्धा दक्षिण कोरियात बुसानला झाली होती. स्त्रियांचा चीन संघ म्हणजे भिंतच. पहिल्याच सामन्यात आयहिका मुखर्जीने, जिचं जागतिक क्रमवारीत स्थान तेव्हा 155 वं होतं, पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला 3-1 ने हरवलं. दुसरा सामना मनिका बत्रा हरली. मग तिसऱ्या जागेवर आली श्रीजा अकुला. तिने वांग यिदीला सरळ तीन गेममध्ये हरवलं. भारत 2-1 ने पुढे! त्यानंतर श्रीजा बाकावर जाऊन बसली. पुढचे दोन्ही सामने चीनने जिंकले आणि लढत 3-2 अशी गेली.

लढत हरली म्हणून श्रीजाचा सामना वाया गेला का? मला नाही तसं वाटत. त्याच वर्षी मार्चमध्ये क्रमवारीच्या जोरावर भारताचे पुरुष आणि स्त्रिया असे दोन्ही संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेसाठी पात्र ठरले. ती क्रमवारी अशाच एकेका सामन्यातून वर चढत गेलेली असते.

पॅरिसची गोष्ट तर अजून विचार करायला लावणारी आहे. तिथे संघात तिसरी म्हणून आपल्या बेंगळुरूच्या अर्चना कामतची निवड झाली आणि आयहिका राखीव राहिली. सुन यिंगशाला हरवणारी मुलगी राखीव! त्यावर बरीच चर्चाही झाली. रुमानियाला 3-2 ने हरवून भारतीय स्त्रिया उपांत्यपूर्व फेरीत पोचल्या. तिथे जर्मनीकडून 1-3 अशी हार झाली, आणि तो एकुलता एक सामना जिंकला होता अर्चनाने. स्पर्धेनंतर तिने खेळ बाजूला ठेवून अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलं. आणि आयहिका? ऑक्टोबरमध्ये अस्तानाला आशियाई स्पर्धेत तिने दक्षिण कोरियाविरुद्ध दोन सामने जिंकले, त्यातला एक अगदी निर्णायक. भारतीय स्त्रियांना या स्पर्धेतलं पहिलं सांघिक पदक, कांस्यपदक, मिळालं.

एक जण खेळून निघून गेली, एक जण बाकावर थांबून परत खेळली. दोघींनी आपल्या वाट्याचा सामना नीट खेळला, एवढंच मला त्यातून घ्यावंसं वाटलं.

मग मी कागद घेतला आणि माझ्या वाट्याचा सामना कोणता ते लिहून काढलं. मेडिक्लेमची कागदपत्रं, हा पहिला. दादाला त्या फॉर्मांचा आणि ईमेलांचा वैताग यायचा. माझं तर पोटच लिहिण्यावर चालतं. बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो वहिनी पाठवायची आणि पुढचा सगळा पाठपुरावा मी करायचे. दुसरं काम म्हणजे रोज संध्याकाळी साडेसातला बाबांचा बोलण्याचा सराव, व्हिडिओ कॉलवर. त्या वेळी आई देवळात जाऊन येते. दिवसभरात तिला मिळणारी ती एकच मोकळी वेळ.

स्पीच थेरपिस्टनी सांगितलं होतं, काही रुग्णांना शब्द सापडत नाहीत, पण अंक, वार, पाठ असलेल्या गोष्टी ओघात जिभेवर येतात. तिथून सुरुवात करा. तुमच्या घरी असा कुणी पेशंट असेल तर थेरपिस्टना हे जरूर विचारा. भाज्यांची चित्रं दाखवली की बाबा चिडायचे. "वांगं" म्हणता येत नाही याचा त्यांना राग यायचा, माझा नाही, हे समजायला मला थोडे दिवस लागले. मग मी स्क्रीनवर टेबल टेनिसच्या जुन्या लढती लावायला लागले आणि गुण मोजायचं काम त्यांना दिलं. एक-शून्य. एक-एक. दोन-एक. बाबा शाळेत माझे सामने बघायला यायचे, त्यामुळे हा खेळ त्यांना ओळखीचा. दर सहा गुणांनी खेळाडू टॉवेलकडे जातात, तेव्हा बाबाही एक घोट पाणी पितात.

यात दादाचा भार अर्धा झाला असं मी म्हणणार नाही. तो आजही दोन सामने खेळतो, मी एकच. पण परवा तो फोनवर म्हणाला, "क्लेमचं तू बघतेस ना, मग मी ते डोक्यातून काढून टाकलंय." मला तेवढं पुरे आहे.

तुमच्याही घरात आजारपण असेल, कुणाचं लग्न असेल, घराचं बांधकाम असेल. सगळ्यांना सारखे सामने येत नाहीत. लांब राहणाऱ्याला "तू काय करतोस" असं विचारण्याऐवजी "हे एवढं तू घेशील का" असं विचारून बघा. आणि तुम्हीच लांब असाल तर कुणी विचारायची वाट बघू नका, एक काम मागून घ्या.

काल संध्याकाळी बाबा सहा-चारवर अडकले. ओठ हलत होते, आकडा येत नव्हता. आई देवळातून आलेली होती, तिने मागून हळूच सांगायला सुरुवात केली. बाबांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. मी लढत थांबवून ठेवली. मग बऱ्याच वेळाने, पण एकट्याने, ते म्हणाले, "सात-चार."