मनाचे दुखणे आणि पाच चौकटी

ताप आला तर आपण सांगतो. मनाला काही झाले तर लपवतो. आमच्या गावात मानसोपचार म्हटले की लोकांच्या तोंडी एकच शब्द येतो, नागपूरचा पागलखाना! अशा वेळी फोनवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून मिळणारा मानसोपचार आम्हा विद्यार्थ्यांना कितपत पटेल?

हे मोजण्याची एक रीत मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचली. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती मांडली. एक विधान द्यायचे आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच चौकटींपैकी एकीत खूण करायला सांगायचे. ‘फोनवरून समुपदेशन घ्यायला मी तयार आहे,’ हे विधान मी स्वतःलाच विचारले. पेन कुठल्याच चौकटीत टेकेना.

सोय तर आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ सुरू केले. १४४१६ हा नंबर लावायचा. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. नागपूरला जाण्यायेण्यात दिवस मोडत नाही, दवाखान्याच्या बाकावर कुणी ओळखीचे भेटत नाही. म्हणजे पूर्ण सहमत!

पण बोलायचे कुठे? घर दोन खोल्यांचे, मोबाइल भावाचा. मुलगी कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलू लागली की माय विचारणारच, “कोणाशी बोलून राहिली वो इतका वेळ?” म्हणजे पूर्ण असहमत!

मागच्या वर्षी कापसाचे पैसे कर्जात गेले आणि माझे कॉलेज सोडवण्याची बोलणी घरात सुरू झाली. पंधरा दिवस मला धड झोप नव्हती. शेवटी मैत्रिणीचा मोबाइल घेऊन वर्ध्याच्या एस. टी. स्टँडवर मी तो नंबर लावला. गर्दीत कोणी कोणाचे ऐकत नाही. पलीकडच्या बाईंनी मात्र सारे ऐकून घेतले. कर्ज काही फिटले नाही. पण त्या रात्री झोप लागली.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हाही होता. मनातले मनातच राहिले तर काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून वाटते, विद्यार्थ्यांची तयारी मोजणाऱ्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत : मोबाइल कुणाचा आहे? आणि बोलायला जागा आहे का? आपल्या कॉलेजात दार लागेल अशी एक लहानशी खोली मिळाली, तर पुष्कळांच्या खुणांची चौकट बदलेल.