शांघायचा बांध

नवे शहर पाहावयास निघालेल्या विद्यार्थ्याच्या सामानात एक गज नेहमी बांधलेला असतो, तो आपल्या गावाचा. रस्ता किती रुंद, नदी किती मोठी, माणसे किती घाईत, हे सारे तो त्याच गजाने मोजतो. अभ्यासासाठी आम्ही प्रथम शांघायास गेलो तेव्हा आमचा गज अर्थातच मुंबईचा होता. 2004 च्या सुमारास मुंबईचे शांघाय करण्याची भाषा महाराष्ट्रात इतकी दुमदुमली होती, की ही तुलना आमच्या पिढीने शाळकरी वयातच ऐकून ठेवली होती.

पहिला धक्का दिला तो अक्षरांनी. सोळा वर्षे शाळा-कॉलेजात घालविलेला मनुष्य येथे एका क्षणात अक्षरशत्रू होतो. गल्लीतल्या दुकानाची पाटी वाचता येत नाही. वाडग्यात काय वाढून आले ते वाडगे पुढे आल्यावरच कळते. भाजीवालीच्या टोपलीशेजारी ठिपक्याठिपक्यांचे एक चौकोनी चित्र टांगलेले. फोन त्याच्यासमोर धरला की व्यवहार पुरा. आमची नोट तिने हसून घेतली खरी, पण मोड आणावयास तिला शेजारणीकडे जावे लागले. आपल्याकडील निरक्षर मनुष्य कचेरीच्या खिडकीपाशी असा का घुटमळतो, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

मग जुन्या वस्तीत शिरलो, आणि परकेपण ओसरू लागले. 'शिकुमेन' नावाची ती घरे: दगडी चौकटीचे दार, आत हातभर अंगण, वर बांबूवर वाळत घातलेले कपडे, दारात बसून शेंगा सोलणाऱ्या आजीबाई. गिरगावच्या वाडीत वाढलेल्या माणसास येथे फारसे शिकावे लागत नाही. यांपैकी कितीतरी घरे उंच इमारतींसाठी पाडली गेली आहेत, हीही गोष्ट गिरगावकरास नवी नव्हे.

परंतु खरा ओळखीचा भास झाला तो ह्वांगपू नदीच्या पश्चिम तीरावर. या तीरास चिनी लोक 'वायतान' म्हणतात. इंग्रजांनी ठेवलेले नाव 'बंड'. हा शब्द त्यांनी नेला तो हिंदुस्थानातून. मूळ फारसी 'बंद', म्हणजे बांध. बंड गार्डनमुळे पुणेकरांच्या तोंडी तो केव्हाचाच रुळलेला आहे. नदीकाठाने इमारतींची रांगच उभी आहे: 1923 सालची घुमटाची बँक, 1927 सालचे घड्याळाचे जकातघर, 1929 सालचे हिरव्या निमुळत्या छपराचे कॅथे हॉटेल. डोळे किंचित मिटले तर आपण फोर्टात आहो असे वाटावे. हे हॉटेल बांधणारे सर व्हिक्टर ससून मुंबईत पेढी थाटलेल्या ससून घराण्यातलेच, हे आठवले तेव्हा हा भास निव्वळ योगायोग राहिला नाही.

माळव्यातील अफू मुंबई बंदरातून गलबतांत भरून चीनकडे जात असे. ती अडविण्याचा चीनने यत्न केला, तेव्हा इंग्रजांनी युद्ध केले. 1842 च्या नानकिंगच्या तहाने जी बंदरे उघडावी लागली त्यांत शांघाय होते. त्या व्यापारात मुंबईच्या अनेक पेढ्या धनाढ्य झाल्या. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती कापसाच्या आणि अफूच्या चिनी व्यापारातून उभी राहिली. त्यांच्या उदार हातातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय झाले आणि पुण्यास मुळा-मुठेवरील बंधाराही. अफूच्या व्यापारातील दुसरे मोठे नाव डेव्हिड ससून यांचे. त्यांच्या देणगीने पुण्याचे ससून रुग्णालय झाले. आमच्या घरातील दोन पिढ्या त्याच रुग्णालयात जन्मल्या. त्या दानाबद्दल कृतज्ञ राहावे, की ते धन ज्या धुरातून आले त्या धुराने किती चिनी घरे विझली याचा विचार करावा? बांधावर उभे राहून आम्हांस दोन्ही करावे लागले, आणि एकाने दुसरे फिटले नाही.

चीनशी आपले नाते विचारले की आपण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घेतो. 1938 साली युद्धग्रस्त चीनच्या शुश्रूषेस गेलेल्या आणि 1942 साली तेथेच देह ठेवलेल्या त्या तरुणाविषयी वाटणारा अभिमान यथार्थच आहे. मात्र आपल्या वहीतील जमेचे हे एक सोनेरी पान वाचताना त्याआधीच्या शंभर वर्षांचे खर्चाचे पान चिकटलेलेच ठेवणे बरे नव्हे.

नदीपलीकडे पुडोंग आहे. 1990 साली तेथे नवे शहर उभारण्याचा निर्णय झाला; आज 632 मीटर उंचीचा शांघाय टॉवर तेथे मेघांत डोके खुपसून उभा असतो. संध्याकाळी हजारो चिनी कुटुंबे जुन्या इमारतींकडे पाठ करून त्या मनोऱ्यासह आपली छायाचित्रे काढीत असतात. त्यांचे तोंड तिकडे असणे स्वाभाविक आहे. मुंबईहून येणाऱ्याने मात्र मनोरे मनसोक्त पाहून झाल्यावर एकदा मागे वळावे. त्या दगडांत आपलाही हिशेब लिहिलेला आहे, आणि तो वाचावयास चिनी अक्षरे येण्याची गरज नाही.