इनामगावच्या घराची भिंत

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. आधीच्या लोकांची घरं चौकोनी, मातीच्या बुटक्या भिंतींची, वर गवताचं छप्पर. शेवटच्या काळातल्या झोपड्या गोल. त्यातलं एक चौकोनी घर मी पुठ्ठ्यावर करायला घेतलं. प्रमाण ठेवलं फुटाला अर्धा इंच.

छप्पर सहज झालं. खरं काम होतं भिंतीचं. मातीचा रंग डबीतून मिळतो, पण उजेड तिरपा पडला की तो रंगच आहे हे कळतं. म्हणून मातीच लावायची ठरवली. आमच्याकडची काळी माती वाळताना आक्रसते आणि भेगाळते, तेव्हा तिच्यात बारीक वाळू मिसळली. या मापात एक मिलिमीटरचा खडा भिंतीत अडीच सेंटिमीटरच्या गोट्याएवढा दिसतो. त्यामुळे माती आणि वाळू दोन्ही कुटून वस्त्रगाळ केली. भुसाही चालेना, त्याची काडी ओंडका वाटते. त्याऐवजी गोवरी हाताने चुरून, चाळून घातली. तिचे तंतू पुरेसे बारीक असतात. पाण्यात थोडं फेविकॉल हवं, नाहीतर पुठ्ठ्यावरून पापुद्रे सुटतात. थर पातळ द्यायचा आणि सावलीत वाळवायचा.

एवढं करूनही भिंत मुकी दिसत होती. दौंडला माझ्या मावशीची परसातली भिंत मातीची आहे आणि ती अजून स्वतः सारवते. तिला विचारलं.

"अरे, हात सरळ जातोय होय? खांद्यापासनं फिरतो तो, कमानीसारखा. नि पुढची कमान मागचीवर थोडी चढवायची," असं म्हणत तिने शेणकाल्यात हात बुडवला आणि करून दाखवलं.

तिची कमान साधारण दोन फुटांची, म्हणजे माझ्या भिंतीवर एक इंचाची. बोट त्याला जाड पडतं. मनगट टेकवून चपट्या ब्रशाने, थर ओला असतानाच, एकीवर एक कमानी ओढत गेलो. भिंत कुणीतरी सारवली आहे असं तेव्हा प्रथमच वाटलं. मग पायथ्याला पावसाच्या शिंतोड्यांची गडद किनार दिली आणि चुलीच्या वर दिव्याची काजळी कोरड्या ब्रशाने चोळली. काजळी वरच्या बाजूला पसरत, विरत गेली पाहिजे. सगळीकडे सारखी लावली तर डाग दिसतो.

तुम्हाला असं घर करायचं असेल तर रंगाच्या दुकानात शेवटी जा. आधी ओळखीतल्या एखाद्या सारवणाऱ्या बाईकडे जा आणि तिला हात फिरवून दाखवायला सांगा.