मागचा कागद

क्रिएटिनिन वाढून आलं की घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो: डायलिसिस. तो मोठ्यानं कुणी उच्चारत नाही. फोनवर आवाज खाली आणून ‘किडनीचं निघालंय’ एवढंच सांगितलं जातं, आणि पलीकडचा माणूस जे समजायचं ते समजतो. त्या वाक्यापासून पेशंटकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलते. या घाईबद्दल मला लिहायचं आहे. मे महिन्यात लातूरला माझ्या आईच्या बाबतीत ती घाई मी जवळून पाहिली, आणि तिच्यासमोर न डगमगता एकेक प्रश्न विचारत जाणारे एक डॉक्टरही पाहिले.

आईचं वय एकाहत्तर. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.९, त्याखाली ईजीएफआर २८. दोन्ही आकडे ठळक छापलेले. माझ्या भावानं फोनवर शोधून ‘चौथी स्टेज’ असं सांगितलंही. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “याच्या आधीचा रिपोर्ट आहे का?”

होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासण्या आईनं लाइट बिलांच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. त्या कागदावर क्रिएटिनिन १.०, म्हणजे ईजीएफआर साठच्या आसपास. कागद काही महिन्यांपूर्वीचा. तो नसता तर आईचं मूत्रपिंड वर्षानुवर्षं कुरतडलं जात इथवर आलं की गेल्या काही दिवसांतच कोसळलं, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून होतं. जुना आजार म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. तीव्र बिघाडाची व्याख्या मात्र तासा-दिवसांची: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा आठवड्याभरात दीडपट झालं, तरी तो धोक्याचा इशारा. पहिल्यात उरलेलं सांभाळायचं असतं, दुसऱ्यात गेलेलं परत मिळवायची संधी असते. ती संधी मात्र फार काळ थांबत नाही.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून रोज निघणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणं मंदावलं की तो रक्तात साठत जातो. ईजीएफआर म्हणजे या गाळण्याच्या वेगाचा अंदाज; तो तर थेट कुणी मोजतही नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून तो सूत्रानं काढतात, आणि क्रिएटिनिन स्थिर आहे असं ते सूत्र गृहीत धरतं. ज्या आठवड्यात ते भराभर चढत किंवा उतरत असतं, त्या आठवड्यात २८ या आकड्यावर ‘चौथी स्टेज’ असा शिक्का मारता येत नाही. शिवाय मूत्रपिंड धडधाकट असतानाही क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं: आदल्या रात्री मटणाचं भरपेट जेवण झालं असेल, किंवा ज्यात ट्रायमेथोप्रिम आहे अशी लघवीच्या संसर्गावरची गोळी चालू असेल. उलटही होतं. स्नायू झडलेल्या बारीक अंगाच्या म्हातारीचं क्रिएटिनिन १.१ आलं तर लॅब तो आकडा ठळकही करत नाही, आणि तिचं गाळणं मात्र बरंच उतरलेलं असू शकतं. म्हणून तपासणी पुन्हा करायची, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि लवकर.

मग डॉक्टर आईकडे वळले. “आजी, गेल्या पंधरा दिवसांत काय काय झालं, पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही.”

मूत्रपिंडाच्या बाबतीत डॉक्टरचं सगळ्यात मोठं हत्यार हा प्रश्न आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. एकदा विचारल्यावर आई बोलत गेली. गावाकडचं लग्न, मांडवात दिवसभर बैठक, मग गुडघे धरले. परतल्यावर जुलाब लागले, दोन दिवस पोटात काही ठरलं नाही. बीपीची गोळी मात्र एकही दिवस चुकवली नाही, हे तिनं अभिमानानं सांगितलं. आणि पाणी? यावर ती जरा थांबली. मग म्हणाली, पाणी कमीच पिते. संडास परसात, गुडघे उठू देत नाहीत, रात्री तर नकोच वाटतं. गुडघ्यांपायी घशाखाली पाणी न उतरवणाऱ्या अशा कितीतरी बायका आपल्या घराघरांत असतील. ते त्या कधी बोलून दाखवत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.

“आणि गुडघ्यासाठी काय घेतलं?”

आईनं पर्स उघडून औषधाची पट्टी काढली. मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापून दिलेला चार गोळ्यांचा तुकडा. दोन खळगे फुटलेले, दोन भरलेले. चंदेरी पाठीवर नावाची पुढची अक्षरं तेवढी उरली होती, बाकीचं नाव आणि तारीख दुकानातल्या दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली. डॉक्टरांनी तो उजेडात तिरका धरला आणि वाचला: डायक्लोफिनॅक. मग बीपीची पट्टी मागितली. टेल्मिसार्टन, आणि नावापुढे ‘एच’. तो एच म्हणजे मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढणारं औषध.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. मूत्रपिंडातल्या प्रत्येक बारीकशा गाळणीत एक रक्तवाहिनी आत येते, एक बाहेर पडते. अंगातलं पाणी घटलं की शरीर आत येणारी वाहिनी सैल ठेवतं आणि बाहेर जाणारी आवळतं. त्यानं गाळणीतला दाब टिकतो आणि रक्त गाळलं जात राहतं. डायक्लोफिनॅक आत येणारीला सैल होऊ देत नाही. टेल्मिसार्टन बाहेर जाणारीला आवळू देत नाही. एच अंगातलं उरलंसुरलं पाणी कमी करतं. त्यावर जुलाब, आणि त्यावर लातूरचा मे महिना. तिन्ही औषधं आपापलं काम चोख करत होती आणि गाळणीतला दाब संपत चालला होता.

यातली बीपीची गोळी शत्रू नाही, हे त्यांनी मुद्दाम बजावलं. याच वर्गातली औषधं लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेही माणसांची मूत्रपिंडं वर्षानुवर्षं जपतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तरी डॉक्टर सहसा ती चालू ठेवतात. आईची गोळी त्यांनी थोड्या दिवसांपुरती थांबवली, पुन्हा कधी सुरू करायची तेही लिहून दिलं. अशा वेळी घरच्या घरी सगळ्या गोळ्या बंद करून टाकणं हे दुसरं संकट आहे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘यातली कुठली थांबवू?’ असं विचारावं, एवढं कुणीतरी प्रत्येक बीपीच्या पेशंटला सांगायला हवं. औषध लिहून देतानाच सांगायला हवं.

डायक्लोफिनॅक हे नाव ऐकून मला गिधाडं आठवली. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलावर ती उतरायची. १९९० च्या दशकात भारतीय उपखंडातून ती भराभर नाहीशी झाली. मेलेल्या पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडे, म्हणजे मूत्रपिंडं बंद पडलेली. कारण २००४ मध्ये उजेडात आलं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही. बहुतेकांना चार गोळ्यांनी काही होत नाही. पण पाणी आटलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, बीपीची गोळी चालू असलेल्या बाईला ते ‘बहुतेक’ लागू पडत नाही. तिला ती गोळी चिठ्ठीशिवाय, कागदाच्या पुडीत मिळते याचा मला अजूनही राग येतो.

बाकीच्या तपासण्या लगोलग झाल्या. लघवीत प्रथिनं किंवा रक्त जातंय का, पोटॅशियम किती, सोनोग्राफीत मूत्रपिंडांचा आकार कसा आहे. आकसलेली मूत्रपिंडं बहुधा जुनं दुखणं सांगतात. आईची व्यवस्थित होती. पेशंट वयस्कर पुरुष असता तर प्रोस्टेटनं लघवी अडवली आहे का, हे आधी बघितलं असतं. सलाइन लागलं. तिकडे घरी नातेवाइकांचे सल्ले येऊन पोचले होते: काढा दे, डाळ बंद कर, नारळपाणी पाज. मायेनंच सांगत होते सगळे. पण गाळणं मंदावलेलं असताना पोटॅशियम रक्तात साठू शकतं आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. नारळपाण्यात तेच भरपूर असतं. आणि ज्या काढ्यात काय घातलंय ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही, तो नेमका याच आठवड्यात कशाला? लघवी खूप कमी होणं, धाप लागणं, सूज, ग्लानी यांतलं काहीही दिसलं तर मध्यरात्रीही घेऊन या, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. मी ते लिहून फ्रिजवर लावलं.

डायलिसिसचा शब्द शेवटी आईनंच काढला. “लावणार का मला मशिनवर?” डॉक्टर म्हणाले, “लागेल असं आत्ता तरी दिसत नाही. आणि लागलं तरी ते कायमचंच असतं असं नाही, आजी.” नंतर मी त्याबद्दल वाचलं. नेदरलँड्समधल्या कांपेन गावी, दुसऱ्या महायुद्धात, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेजसाठी वापरायच्या सेलोफेनच्या नळ्या ड्रमभोवती गुंडाळून पहिलं उपयोगी डायलिसिस यंत्र बनवलं, ते अशा अचानक कोसळलेल्या मूत्रपिंडांना सावरायला वेळ मिळावा म्हणूनच. १९४५ मध्ये त्या यंत्रामुळे वाचलेली पहिली पेशंट सदुसष्ट वर्षांची बाई होती. ती बेशुद्धीतून जागी झाली, तिची मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली आणि ती आणखी काही वर्षं जगली. आयुष्यभर यंत्रावर राहण्याची सोय १९६० नंतरची. गाळणीपुढच्या नलिकांच्या पेशी मेल्या तरी नव्यानं उगवू शकतात. त्यांना रक्त आणि अवधी मिळायला हवा.

आईचं क्रिएटिनिन उतरत १.२ वर येऊन थांबलं. १.० झालं नाही. सूत्रानं ईजीएफआर अठ्ठेचाळीसच्या आसपास बसतो. असा एक फटका बसलेल्या मूत्रपिंडावर पुढेही नजर ठेवावी लागते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त आणि लघवी. तोपर्यंत हे कायमचं नुकसान की सावरणं अजून चालू आहे, ते डॉक्टरही ठरवणार नाहीत. घरात पश्चिमी संडास बसवला, आणि आईचा पाण्याचा तांब्या आता रात्रीही उशाशी भरलेला असतो.

गुडघा मात्र तसाच आहे. पॅरासिटमॉलनं तिचं निम्मंच दुखणं जातं. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम ती करते, कंटाळली तरी करते. “त्या गोळीनं मी देवळापर्यंत चालत होते गं,” असं ती मला म्हणाली, आणि मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. १.०, १.९ आणि १.२ हे तिन्ही कागद तिनं आताच वेगळ्या पिशवीत घालून ठेवलेत, आणि गुडघा बदलण्याचं ऑपरेशन या वयात झेपेल का, ते तू नको विचारूस, मीच विचारेन, असं मला बजावलंय.